परक्या हातची खिडकी

चिंगीच्या आईस,

मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा खोकला थांबला का?

शेजारच्या देशाच्या तोफांनी फोडलेल्या आपल्या खिडक्या परदेशी मदतीतून आलेल्या सुताराने बसवल्या, हे बरंच झालं. पण पत्रभर त्याचंच कौतुक? चिंगी त्याला काका म्हणते म्हणे. माझा रंधा त्याला कुणी काढून दिला? मीही सुतारच आहे, इथे परमुलखात लोकांच्या खिडक्या करतो. माझ्या कामाला कधी सुबक म्हणालीस?

त्याला चहा पुरे आता. तळघराचं मोडलेलं दारही तोच बसवणार म्हणतेस, ते मीच येऊन बसवीन.

तुझा,
घरचा सुतार

ता. क. तिकडे पुन्हा तोफा सुरू झाल्याचं आत्ताच रेडिओवर ऐकलं. दार त्याच्याकडून आजच बसवून घे. माझी नवी करवत माळ्यावर लपवली आहे, तीही दे त्याला.