कालव्यात आडवं पडलेलं जहाज

३ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. सवयीने लिहिलेत, मनातून द्यायचे की नाही ते पत्र संपल्यावर ठरवीन.

मागच्या पत्रात ऐटीत लिहिलंस, आजवरचं सगळ्यात मोठं जहाज कालव्यातून पार नेलं, कप्तानाने पाठ थोपटली. त्याच जहाजाचा फोटो काल आमच्या पेपरात आलाय. शत्रूच्या बंदरात तोफगोळे उतरवतंय! ते पडणार कुठे? आमच्याच डोक्यावर. कोपऱ्यावरची बेकरी गेली. तुझ्या भावोजींच्या छापखान्याच्या काचा फुटल्या. आणि गोळ्यांना वाट दाखवणारा कोण, तर माझा सख्खा भाऊ! लाज कशी वाटत नाही रे? पुन्हा असलं जहाज आलं तर पोटात दुखतंय म्हण, पण त्यावर चढू नकोस.

चिमीची साखर आटोक्यात आहे. इन्सुलिन स्वतःच टोचून घेते आणि वर मलाच डोळे मिटायला सांगते. मामाला पापा दिलाय तिने, तेवढा माझ्या रागातून वगळ.

तुझी ताई

८ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून डोकं भणभणलं. कालवा काय आपल्या बापाचा आहे? निम्म्या जगाचं तेल, धान्य या चिंचोळ्या पाण्यातून जातं. लढणाऱ्या दोघांनाही वाट द्यायची, असा करार आहे; म्हणून तर अजून कोणी इथे बॉम्ब टाकला नाही. एकाला अडवलं की दुसरा सगळ्यांनाच अडवील. तुमचं पीठ, चिमीचं औषध इथूनच येतं, आभाळातून पडत नाही! शिवाय परक्या जहाजांना कालव्यातून वाट दाखवणारे आम्ही पायलट लोक जहाज निवडत नाही. फळ्यावर ज्याचं नाव वर, त्याने येईल ते न्यायचं.

पण लहानपणापासून तू कान पिळलास की मी ऐकतो, ही खोड काही जात नाही. परवा तसलंच जहाज लागतंय आणि नाव माझंच वर आहे. पोटदुखी कळवतो. झालं समाधान?

रागात का होईना, लोभ ठेव.

तुझा धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. कालव्यात जहाज आडवं अडकलंय असं रेडिओ रोज सांगतोय. तुम्ही सगळे तिथे माशा मारताय का? चिमीचं इन्सुलिन त्याच्या मागे रांगेत अडकलेल्या जहाजात आहे. दवाखान्यातल्या बाई म्हणतात, सगळ्या खंडाला वळसा घालून यायचं तर महिना जाईल. आम्ही शेवटची बाटली फोडली आहे, तीही अर्धी अर्धी टोचतोय. कोण तो गाढव, ज्याने जहाज काठावर घातलं? त्याला माझ्यासमोर उभा कर.

ताई

२१ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. गाढव बघायचाय ना? मग आधी आपल्या दोघांना आरशात बघ. आडवं पडलंय ते दारूगोळ्याचंच जहाज. मी आजारी म्हणून कळवलं, माझ्याखालचं नाव ज्या उतावळ्या पायलटला आम्ही घाईदास म्हणतो त्याचं, म्हणून जहाज त्याच्याकडे गेलं. भरलेलं जहाज काठाजवळून जोरात नेलं की त्याचं शेपूट काठाकडे ओढलं जातं आणि तोंड समोरच्या काठात घुसतं. तसंच झालं. मी असतो तर आधी वेग कमी केला असता. पण मी घरी पडून होतो, धडधाकट!

आता वाळू उपसून झालीय. पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ओढबोटी लावायच्या आहेत. साहेब म्हणतात, जहाजावर तूच चढ. पण कालव्यात मागचं जहाज पुढे काढता येत नाही. आधी गोळे तुमच्याकडे निघणार, मग औषध. सांग, काय करू? उलट टपाली कळव.

धाकटा

२४ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, आणि हे मनापासून.

तुझा राग येतो, त्या कराराचा येतो, माझ्या जिभेचा तर फारच येतो. पण रागवायलाही आता त्राण नाही. चिमी कालपासून सारखं पाणी मागते आणि उशीवरून डोकं उचलत नाही. तुझे भावोजी तिच्यापाशी बसून आहेत. मी काय लिहिणार आहे ते त्यांनी विचारलं नाही. गल्लीत कळलं तर लोक माझ्या तोंडावर थुंकतील. थुंकू देत.

काढ ते जहाज. आणि घाईदासाच्या हाती देऊ नकोस, तूच चढ. हळू ने, काठ सांभाळ, पार शेवटपर्यंत सुखरूप पोचव.

तुझीच,
ताई