काजं कच्ची नव्हती

महाल, नागपूर
दि. ९ एप्रिल १९७६

रुपरावदादास,

वच्छलाचा नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. काटोलला ऊन तापले असेल. संत्र्याच्या झाडांना पाणी पुरते ना?

मनकर्णाच्या लग्नाची पाचही ब्लाउजे झाली. तू कापडाबरोबर पाठवलेली रिळे मात्र वापरली नाहीत. ओला करून ओढला की तटकन तुटतो, असला दोरा मी भाचीच्या अंगावर घालणार नाही. इतवारीतून दुसरा आणला. दुकानातल्या दिव्याखाली रंग फसवतो, म्हणून रीळ घेऊन रस्त्यावर उन्हात गेले. ताराचंद शेठ कुरकुरले, पण ते नेहमीचेच. बारा वर्षांची होते तेव्हापासून मी दोरा असाच घेत आले आहे.

मंगळवारी वहिनी मनकर्णाला मापासाठी घेऊन आल्या होत्या. पोरगी म्हणाली, आत्या, मला काजं शिकव. मी म्हटले, "मले नको विचारू. माझीच कच्ची. त्यापायीच सावनेरची शाळा हुकली."

वहिनी रडायला लागल्या. मनकर्णाला पाणी आणायला आत पाठवले आणि म्हणाल्या, "तुही काजं कच्ची नव्हती वं. शाळेचा कागद आला होता. यायनं चुलीत घातला."

एकोणीस वर्षे, दादा.

शिवणाची परीक्षा मी पहिल्या नंबराने पास झाले होते. त्या शाळेत शिवणबाईची जागा मिळेल म्हणून रोज पोस्टमनची वाट पाहायचे. तू सावनेरला जाऊन चौकशी केल्याचे सांगितलेस. म्हणालास, दुसरीला घेतले, तुझी काजं त्यांना पसंत पडली नाहीत. मी खरे मानले. जुन्या धोतरावर शेकडो काजं घातली, उसवली, पुन्हा घातली. बोटे सुजली तेव्हा तूच हळद लावून दिलीस. तेव्हाही तुझे तोंड उघडले नाही.

आई अंथरुणाला खिळली होती, तिला कोण पाहणार म्हणून तू हे केलेस, असे वहिनी म्हणतात. मग मला विचारायचे होते. मी राहिले असते. आईसाठी आपणहून राहिले असते. ते तू मला करू दिले नाहीस, आणि वर मलाच कच्ची ठरवलेस.

वहिनींना एक शब्द बोललास, तर मी काटोलला येऊन चार लोकांत सगळे सांगेन.

मनकर्णाला मी ठेवून घेतले आहे. सकाळपासून काजं घालते आहे. हात चांगला आहे तिचा. रविवारी ब्लाउजे घेऊन परत येईल. तुझ्या सदऱ्याचे कापडही तिच्यासोबत देते. कापायला घेतले होते, पण कात्री ठेवून दिली. कोणाकडूनही शिवून घे.

लग्नाला मी येईन, ते पोरीसाठी. माझ्याशी बोलायला येऊ नकोस.

इथे खाली 'तुझी बहीण' असे लिहायचे असते. आज लिहवत नाही.

वच्छला