आईच्या छातीचा फोटो

अण्णा, आईच्या वतीने बोलायची तुम्हाला फार हौस होती. तिचा खोकला हटेना म्हणून डॉक्टरांनी विचारलं, रात्रीचा ताप येतो का, तर उत्तर तुम्ही दिलंत. थुंकीत रक्त पडत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत, जणू खोकत होतात तुम्ही. शालिमार चौकाजवळ एक्स-रे काढायला गेलो तेव्हा मी शाळकरी. तिथल्या बाई आईला गळ्यातलं काढून ठेवायला सांगतात. धातू राहिला तर फोटोत त्याचीच सावली पडते म्हणतात. सवाष्णीने मंगळसूत्र उतरवायचं नसतं, हे तुम्ही त्यांना ऐकवता. ओझरच्या विमान कारखान्यातले कारकून तुम्ही, आणि एक्स-रेच्या बाईंना नियम शिकवता. आई ते काढून माझ्या मुठीत देते. पाळी चुकलीय का, असं बाई तिला विचारतात आणि तुम्ही म्हणता, "नाही." तेव्हा त्या तुम्हाला बाहेर काढतात. तुमच्यामागे मलाही.

दार नीट लागत नव्हतं. आईचा आवाज आपण दोघांनी ऐकला. "मला दिवस गेलेत. अजून कुणाला सांगितलं नाही." बाई घाबरल्या नाहीत. छातीच्या फोटोला किरण अगदी थोडे लागतात, पोटापर्यंत तर नावापुरतेच, पण हे आधी सांगायलाच हवं, एवढंच म्हणाल्या. डॉक्टरांना फोन करून विचारलं, पोटाला शिशाचा एप्रन बांधला, छाती पाटीला टेकवून श्वास धरायला लावला. झालं. रिक्षात तुम्ही ना तिच्या दुखण्याचं विचारलंत, ना बाळाचं. "परक्या बाईला आधी कळतं?" पंचवटीत घर येईपर्यंत हेच.

फोटोत क्षयाचा डाग निघाला. गोळ्या घेऊन ती बरी झाली, धाकटा धडधाकट जन्मला. तरी तो गणितात नापास झाला की तुम्ही त्या मशीनला दोष द्यायचात, कारखान्याच्या बसमध्ये चारचौघांपुढेसुद्धा. इतकं कोतं मन मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही.

तुम्हाला जाऊन वर्षं झाली. परवा आईला पुन्हा फोटोसाठी नेलं. दम कधीपासून लागतो, असं तिला विचारल्यावर मी सांगायला लागले. आई म्हणाली, "तू बाहेर थांब. माझं मी सांगते."

बाहेर बाकावर बसले आणि मला राग आला, अण्णा. चांगलाच आला. हे आईला सांगता येणार नाही. हा राग ओळखणारं दुसरं कुणी सुचेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.