हार्प ह्यूच्या व्हॅनमध्ये

इम्रिस,

तू वर कुरणात मेंढ्यांकडे आहेस. तुला हाक मारली असती तर तू मला जाऊच दिलं नसतंस, म्हणून लिहून ठेवतेय. आम्हाला संगीत महोत्सवाला ह्यू नेतोय. माझी हार्प मावेल एवढी व्हॅन अख्ख्या खोऱ्यात त्याच्याचकडे आहे. जायचंय त्याच डोंगरातल्या रस्त्याने, जिथून तू मागे ह्यूबरोबर गेला होतास. एका वेळी एकच गाडी जाईल एवढाच तो रस्ता, आणि समोरून कुणी आलं तरी ह्यू गाडी मागे घेत नाही. लोईस आणि बाकीच्या मैत्रिणी आत बसून गातायत.

आईला सांग, लोईसच्या बाबांबरोबर गेलेय. पोचल्यावर फोन करेन. दुपारपर्यंत फोन आला नाही तर तिला खरं सांगून टाक. तुझा पाय गाईच्या लाथेने मोडला नव्हता, हेसुद्धा.

नेस्ट