पहिला हात सोड

अण्णा, आज दादरच्या आपल्या क्लबात ब्रिजच्या एका डावात मला नऊ हात करायचे होते. माझी पार्टनर डमी झाली, म्हणजे तिने आपली पानं टेबलावर उघडी मांडली आणि तीही मीच खेळायची. चौकटची सहा पानं, त्यात एक्का आणि राजा, बाकी सगळा कचरा. माझ्याकडे चौकटची दोनच बारीक पानं. इतर रंगांतून चार हात दिसत होते, म्हणजे उरलेले पाच चौकटमधूनच यायला हवेत. एक्का-राजा फटाफट वाजवून मोकळं व्हावं असं वाटलं, आणि तेवढ्यात तुमचं घसा खाकरणं आठवलं.

गिरगावची खोली. तुम्ही ओट्याशी भेंडी चिरताय, मी मोरीच्या कठड्यावर, मधे पाटावर पत्ते. असाच डाव. मी एक्का मारते, राजा मारते, दोन्ही हात माझे म्हणून खूश होते. तुम्ही घसा खाकरून सुरी खाली ठेवता. "आपला आहे म्हणून लगेच घ्यायची एवढी कसली घाई? तुझ्याकडची चौकट संपली. डमीची बारीक पानं आता राजासारखी झाली तरी तिकडे जाणार कशी? पहिला हात सोड. हरायचा असेल तो आधीच हर, जायला वाट राहते." मला हसू आलं होतं, कारण मी कॉलेजात जायला लागले तरी ठाकूरद्वारचा रस्ता ओलांडताना तुम्ही माझा हात सोडत नव्हता, तोही मैत्रिणींदेखत.

तर आज मी हातातलं बारीक पान टाकलं आणि डमीतूनही बारीकच. डमीला बोलायची परवानगी नाही, पण पार्टनरच्या भुवया बोलल्या. तो हात गेला. पुढच्या वेळी माझ्या दुसऱ्या बारीक पानावर डमीचा एक्का, मग राजा, आणि मागोमाग ती तिन्ही किरकोळ पानं ऐटीत चालत आली. नऊ झाले. "माझा जीव गेला असता ना गं," एवढंच पार्टनर म्हणाली.

खरी भानगड घरी होती. हे गेल्यापासून आम्ही दोघीच, आणि तुमची नात बुधवारी म्हणाली की ती मैत्रिणीबरोबर माटुंग्याला भाड्याने राहणार. दादरला घर असताना. "आई, माटुंगा म्हणजे अमेरिका आहे का? चिल ना." चार दिवस मी भांडी आपटत होते. माझ्याकडेही दोन मोठी पानं होती, माझं बीपी आणि "मी एकटी पडेन" हे वाक्य. ती टाकली असती तर पोरगी राहिली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. राहिली असती आणि माझ्याशी धड बोलली नसती.

संध्याकाळी घरी आले तर ती बॅग भरत होती. मी म्हटलं, "छोटा कुकर घेऊन जा, शिट्टी जरा अडकते." ती खोलीत गेली आणि माटुंग्याच्या घराची एक किल्ली घेऊन आली. "ही तुझ्याकडे राहू दे. फोनबिन करू नकोस, सरळ ये."

हे पत्र तुम्हाला आता कुठल्या पत्त्यावर पाठवू, कळत नाही, म्हणून वहीतच मिटून ठेवते. डाव बरोबर खेळले, अण्णा. फक्त किल्ली घेताना तिचा हात मात्र मला लवकर सोडवला नाही.