तेल घातलेला ऑर्गन

रविवार, संध्याकाळ. नाताळ जवळ आलाय.

माझा हेतू चांगला होता, हे आधी लिहून ठेवतो. आज उपासनेनंतर कमिटी ठरवणार होती की चर्चमधला जुना ऑर्गन अडगळीत टाकायचा आणि आपोआप ठेके वाजवणारा कीबोर्ड घ्यायचा. ऑर्गन वाचवायचा म्हणून कालच मी नारायणगावहून मिस्त्री आणला. पायडल दाबलं की येणारी ती जुनी कुंईऽऽ तेल घालून बंद केली. आता कोण नावं ठेवतंय, बघू!

आज ऑर्गनवर सुलूमावशींनी गीताचे सूर धरले. लोण्यासारखे. आणि मंडळी गप्प. ढोलकीवालासुद्धा हात वर धरून बसलेला. मावशींनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा गप्प. पाळकसाहेब एकटेच गायला लागले, तेही भलत्याच पट्टीत. कीबोर्डच्या बाजूचे कमिटीचे चेअरमन माझ्याकडे बघून मिशीत हसले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून याकोबदादांनी तोंडानंच काढली, "कुंईऽऽ!" आणि अख्खं चर्च एका दमात गायला लागलं.

म्हणजे इतकी वर्षं आम्ही गाणं त्या कुंईवर उचलत होतो? मीसुद्धा? मीसुद्धा.

बाहेर मावशींनी गाठलंच. "लई शाणे राव तुमी! कुंई घालवली व्हय?"

चेअरमननी कीबोर्ड दाखवायला आलेल्या दुकानदाराला विचारलं, "यात कुंई हाय का?" बिचाऱ्याकडे शंभर ठेके होते, ती नव्हती.

ऑर्गन राहिला. वाचवला मीच. उद्या जाऊन तेवढं तेल पुसून काढायचं.