टॉप मॉडेलची काच

७ एप्रिल, सोमवार

आजचा हिशोब. वाशीमहून रिठदला येताना खडीच्या टिप्परमागे चिकटून गाडी चालवली. मोठ्या गाडीच्या आडोशाला हवा कमी लागते, पेट्रोल कमी जळते. हे कोणी शिकवले नाही, स्वतः शोधले. वाचलेले पेट्रोल अंदाजे पाव लिटर. म्हणजे रुपये सव्वीस.

टिप्परमधून एक खडा उडाला आणि समोरच्या काचेवर बसला. टवका तुरीच्या दाण्याएवढा. दाणा काही खायला मागत नाही. सव्वीस रुपये फायदाच धरतो.

गाडी टॉप मॉडेल आहे. दिवाळीनंतर अकोल्यातून सेकंडहँड घेतली. मागे तीन चंदेरी अक्षरे आहेत, ती फक्त टॉप मॉडेललाच असतात. पावसाचा थेंब पडला की वायपर आपोआप चालू होतो, काचेमागे सेन्सर असतो. मी अजून पाहिला नाही, कारण पाऊस नाही. घेताना कागद वाचत बसलो नाही. चारही दरवाजे, बॉनेट, डिकी टिचकी मारून वाजवून घेतले. सायकलवर वांगी विकायचो, आज नऊ एकरांत टरबूज आहे, ते याच कानाच्या जोरावर. न कापता टरबुजाचा आतला रंग सांगतो. कानाने पाहणाऱ्याला कागद कशाला?

मायच्या डोळ्याचे ऑपरेशन २५ तारखेला, अकोल्यात. दोन महिन्यांनी नंबर लागला. हुकला तर थेट जुलै. मायला शब्द दिला आहे की एसटी नाही, टेम्पो नाही, आपल्या गाडीत पुढच्या सीटवर. ती जन्मभर मागेच बसली. आधी सायकलच्या कॅरिअरवर, मग टेम्पोत कॅरेटवर. म्हणे, एकदा समोरून रस्ता पाहू दे बाप्पा, दिसो का न दिसो.

८ एप्रिल

सुप्रिया बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून बापाला शिकवते. म्हणे बाबा, टवका लहान आहे तोवर वाशीमला आत औषध भरून मिळतं. सहाशे रुपये, अर्धा तास. वाढला तर पूर्ण काच बदलावी लागेल.

औषध भरायला काचेला काय जखम झाली? आधी टवका किती खोल आहे ते कळले पाहिजे. संध्याकाळी कान लावून तीन टिचक्या मारल्या. आवाज ठणठणीत. आतून काच पक्की आहे. सहाशे वाचले.

वैजयंती ओसरीवरून ओरडली, अवं, टरबूज नव्हे ते!

बायकोला ऐकू येते, पण ऐकता येत नाही.

९ एप्रिल, सकाळी ६

तुरीच्या दाण्यातून रेघ निघाली आहे. वीतभर. टिचकीमुळे नाही. रात्री गारवा होता.

१२ एप्रिल

पारा बेचाळीस. मायला न्यायचे म्हणून भर दुपारी गाडी धुवायला काढली. बोअरचे गार पाणी पाइपने सरळ काचेवर. 'टक' असा आवाज झाला. माझा कान तिखट म्हणून मलाच आला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार.

माय बाजेवरून म्हणाली, काय फुटलं रे? म्हटले, काही नाही. तिला मोतीबिंदू आहे, कानाला काही झालेले नाही, हे लक्षात राहत नाही.

ठराव: दोन हजारांच्या आत, आठ दिवसांत काच बसवणार. बाजार मलाही समजतो.

१५ एप्रिल

वाशीमला प्रेमसिंगच्या दुकानात. फक्त काचा बसवतो, वीस वर्षे झाली. भाव विचारला तर भाव सांगेना, उलट मलाच प्रश्न. कोणत्या साली निघालेली गाडी? कंपनीची काच पाह्यजे का बाहेरची? आरसा काचेला चिकटवलेला हाय का छताला? टपावरून येणारी वायर? सेन्सर? मी म्हटले, काच म्हणजे काच, गावात खिडकीला बसवतो तशी. प्रेमसिंग हसला. म्हणे भाऊ, ही दोन काचांच्या मधात पापुद्रा घालून करतात, फुटली तरी अंगावर येत नाही. बाजूची वेगळी, ती फुटून साबुदाणा होते. वरून चिकटवायचा मसाला, जुनी काच तारेनं कापून काढायची मजुरी, आन् मसाला सुकेपर्यंत गाडी उभी.

साधी काच बसवून पाच हजार दोनशे. सेन्सरवाली अकरा हजार आठशे, नागपूरहून तीन दिवसांनी येईल.

म्हणे, आरशाच्या मागचं झाकण खोलून पाहू का, सेन्सर हाय का नाही ते?

मी हात धरला. टॉप मॉडेल आहे. लग्नात नवरीला कोणी दात दाखव म्हणते का?

१६ एप्रिल

सुप्रियाने विमा विचारला. विमा आहे. थर्ड पार्टी. दुसऱ्याचे नुकसान भरून मिळते, आपले नाही. घेताना एजंट पूर्ण विमा घ्या म्हणत होता, मी त्याला गुंडाळून साडेपाच हजार वाचवले होते. ते वाचलेले आहेतच. फक्त आता दिसत नाहीत.

जगदेव म्हणे उत्तमराव, अकोल्यात भंगारवाल्याकडे याच गाडीच्या जुन्या काचा पडल्या आहेत, मातीमोल. जगदेव आडतीत बसतो, पण कधी कधी कामाचे बोलतो.

१८ एप्रिल

अकोला. भंगारवाल्याने सहा काचा भिंतीला टेकवल्या. मी एकेक वाजवली. दोन बद्द, तीन कच्च्या. सहावीचा आवाज ऐकून अंगावर काटा आला, पहिल्या तोड्याचे टरबूज! भंगारवाला पाहतच राहिला. म्हणे, आजवर असं गिऱ्हाईक पाह्यलं नाही. अठराशेत सौदा. दोन हजारांत बसवतो म्हटले होते की नाही?

जगदेवचा टेम्पो टरबूज उतरवून रिकामा परत येणार होता. टरबूज पॅक करतो तशीच काच पॅक केली. खाली कुटार, म्हणजे सोयाबीनचा भुसा, मध्ये काच आडवी, वर कुटार. भंगारवाला म्हणत होता, उभी ठेवा, काच उभीच नेतात. त्याने आयुष्यात किती माल पाठवला? मी दिल्लीपर्यंत पाठवला आहे, एक नग फुटला नाही.

१९ एप्रिल

कुटार काढले. काच चार तुकड्यांत.

जगदेव म्हणे, मी हळू चालवला ना. वैजयंती म्हणे, बैलासमोर टाका आता, कुटारासंग खाईल. रस्ताच खराब आहे.

माय बाजेवरून म्हणाली, उत्तम, मी एसटीनं जातो. काहून जीव टांगून राह्यला? पुढं बसलं काय, मागं बसलं काय, अंधार सारखाच.

दिवसभर भाकर गोड लागली नाही. ठराव: मायला शब्द दिला आहे. पैसा पाहायचा नाही.

२१ एप्रिल

प्रेमसिंगकडे गेलो. सेन्सरवाली काच सांगितली. पाच हजार आगाऊ. तो पुन्हा झाकणाकडे पाहत होता. म्हणे भाऊ, साधी उद्याच बसवून देतो, पक्कं पाहून घेऊ ना. मी म्हटले, स्वस्त माल गळ्यात मारू नको, मीही बाजारातलाच आहे. त्याने आगाऊची पावती फाडली. धंदेवाल्याला धंदेवाला ओळखतो.

२४ एप्रिल

काच बसली. प्रेमसिंगने अट घातली की हात खिशात ठेवा, टिचकी मारली तर गॅरंटी नाही. दरवाजे आपटायचे नाहीत, चिकटपट्टी उद्यापर्यंत काढायची नाही. खिशात हात घालून पाच तास उभा राहिलो. सोपे काम नाही.

निघताना प्रेमसिंग मागे आला. म्हणे, भाऊ, एक गोष्ट सांगायची राह्यली, त्या वायरचं... मी म्हटले, उद्या ऑपरेशन आहे, वायरचे सोमवारी सांग. हे मेकॅनिक लोक निघताना हमखास एक नवीन काम काढतात.

बाकी सहा हजार आठशे दिले. काच अशी साफ की आहे की नाही कळत नाही.

२५ एप्रिल, दुपारी ३, दवाखान्यातल्या बाकावर

पहाटे पाचला निघालो. माय पुढे, नऊवारी नवी, दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवून, जणू तीच चालवते. वैजयंती मागे. मेडशी सोडेपर्यंत माय विचारत होती, आता काय आलं रे? मी सांगत होतो, पळस, ढाबा, ट्रक. ती मान डोलवत होती. पैसे तिथेच वसूल झाले.

पातूरच्या अलीकडे आभाळ फाटले. अवकाळी. म्हटले, पाहा माय, आता वायपर आपोआप चालतो. स्टिअरिंगवरून हात उचलला नाही.

काच पांढरी झाली. सेन्सरला थोडा वेळ द्यावा लागतो. स्पीड चाळीसवर आणला. मग वीसवर. वैजयंती म्हणे, अवं, वायपर लावा ना! म्हटले, थांब, लागतोय. मागून ट्रक हॉर्न देत गेला. समोर रस्ता नाही, शेत नाही, काही नाही. स्पीड दहा.

माय शांतपणे म्हणाली, लेका, मले मोतीबिंदू हाय. तुले काय झालं?

तेवढ्यात वैजयंतीने मागून दोन सीटांमधून हात घालून वायपरची दांडी ओढली. नेमका त्याच सेकंदाला सेन्सरही लागला. आधी कोण, सांगता येत नाही.

दहा मिनिटे आधी पोचलो. ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणाले, छान झाले.

२७ एप्रिल, रविवार

पट्टी काल निघाली. आज मायला घरी आणले. काळा चष्मा लावून माय सगळीकडे हिंडते आहे. छताची जाळी दिसली. वैजयंतीचे पिकलेले केस दिसले. माझ्याकडे बराच वेळ पाहिले, म्हणाली, एवढा म्हातारा कधी झाला रे तू? मग तोंडावरून हात फिरवला.

मग गाडी पाहायला गेली. समोरची काच पदराने पुसली. सगळ्या बाजूंनी फिरली. मागे थांबली, वाकली. म्हणे, हे तिसरं अक्षर तिरपं काहून हाय? मी म्हटले, माय, ते कंपनीचे आहे. तिने नख लावले. अक्षर निघून तिच्या हातात आले. दुसरेही निघाले. मागे दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा तुकडा.

वैजयंतीने तो टेप माझ्या तळहातावर चिकटवला.

प्रेमसिंगला फोन केला. म्हणे, तेच सांगून राह्यलो होतो भाऊ, झाकणाच्या मागं सेन्सरही नव्हता अन् वायरही नव्हती, नुसतं झाकण होतं. पाच हजार दोनशेवाली बसली असती.

सुप्रियाने डॅशबोर्डचा खण उघडून आरसीचे कार्ड काढले आणि आजीला दिले. आजी तिसरी शिकलेली. एकेक अक्षर लावून तिने वाचले. नंतर मीही वाचले.

मॉडेल मधले आहे. कार्ड नोव्हेंबरपासून त्याच खणात होते.